कॅबूस : वस्तू, वास्तू आणि शब्द

१

कार्य संपलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न वरकरणी अर्थव्यवहाराचा अथवा पुराणवस्तूंच्या जतनाचा वाटतो. परंतु वस्तूबरोबर तिचे नावही एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असते आणि त्या नावाभोवती कथा, चित्रे व पाट्या यांचे एक वाङ्मय जमत असते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे हाच प्रश्न भाषाविचाराच्या आणि समीक्षेच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील मालगाड्यांच्या शेवटी शतकाहून अधिक काळ जोडला जाणारा 'कॅबूस' नावाचा डबा हे याचे एक ठळक उदाहरण होय. १९८० नंतरच्या दशकात हा डबा गाड्यांतून जवळजवळ नाहीसा झाला. त्यांपैकी पुष्कळ डबे भंगारात गेले. पण पुष्कळांना नवे मालकही मिळाले. कोठे तो प्रवाशांच्या निवासाची खोली झाला, कोठे उपाहारगृह, कोठे लहानसे दुकान, तर कोठे गावच्या बागेतील शोभेची वस्तू.

यात एक विरोधाभास आहे. मालगाडीतील प्रत्येक डबा काही ना काही वाहून कंपनीला उत्पन्न मिळवून देतो. कॅबूस तेवढा कोणताही माल वाहत नसे. जमाखर्चाच्या वहीत तो केवळ खर्चाच्या बाजूस होता. असे असता लोकांचा जिव्हाळा लाभला तो याच डब्याला. याचे कारण त्याच्या ठेंगण्या, गमतीदार आकारात अथवा तांबड्या रंगात आहे, असे सामान्यतः समजले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कॅबूसचा दुसरा जन्म म्हणजे एका अर्थी त्याच्या नावाचे आपल्या जुन्या अर्थाकडे परतणे होय. मात्र या परतीच्या वाटेवर त्या नावातील घर टिकते आणि त्या घरात राहून काम करणारा माणूस गळून पडतो. या डब्यांच्या नव्या वास्तूंचे आणि त्यांच्याविषयीच्या लेखनाचे मूल्यमापन या गळतीच्या निकषावर झाले पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम मूळ वस्तूचा विचार करणे इष्ट आहे. कारण तिच्या कार्याची नीट कल्पना असल्यावाचून तिच्या रूपांतराची समीक्षा करता येत नाही. अमेरिकन मालगाडीचा कंडक्टर म्हणजे आपल्याकडील गार्ड. गाडीतील प्रत्येक डब्यातील माल, त्याचे मुक्कामाचे ठिकाण व त्याची कागदपत्रे यांची जबाबदारी त्याच्यावर असे. कॅबूस हे त्याचे फिरते कार्यालय होते. त्याच्यासमवेत ब्रेकमन असत. हवेच्या दाबाने चालणारे ब्रेक सार्वत्रिक होण्यापूर्वी या ब्रेकमनना धावत्या गाडीच्या टपांवरून डब्याडब्यांतून पळत जाऊन हाताने चाके फिरवून ब्रेक आवळावे लागत. पावसात आणि बर्फात हे काम किती जीवघेणे असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. १८९३ च्या सुरक्षा कायद्याने हवेचे ब्रेक व आपोआप जुळणारी कपलिंगे अनिवार्य झाली, तेव्हा कोठे ही स्थिती पालटू लागली.

त्यानंतरही कॅबूसची गरज संपली नाही. त्याच्या छपरावर काचा बसविलेली एक उंच कोठडी असे. तिला 'कपोला' म्हणत. तिच्यात बसून ब्रेकमन पुढील सबंध गाडीवर नजर ठेवी. एखाद्या चाकाचे बेअरिंग तापून धूर निघू लागला आहे काय, एखादा माल सरकला आहे काय, काही लोंबकळून रुळांना घासत आहे काय, हे त्याने पाहावयाचे असे. पुढे मालाचे डबे उंच होत गेले आणि कपोलातून दिसेनासे झाले, तेव्हा काही कंपन्यांनी दोन्ही बाजूंस पुढे आलेल्या खिडक्यांचे कॅबूस बांधले. डब्याचे सबंध रूप अशा रीतीने 'पाहणे' या एका क्रियेतून घडलेले होते.

त्याच्या आतील रचनाही अशीच कार्यातून घडली होती. लांबच लांब गाडीतील कपलिंगांची ढील एकदम ताणली गेली की शेवटच्या डब्याला जबर हिसका बसे. उभा असलेला माणूस फेकला जाऊन जायबंदी होई. म्हणून बाक, मेज व फळ्या जागच्या जागी पक्क्या ठोकलेल्या असत. बिडाची शेगडी जमिनीला बोल्टांनी आवळलेली असे आणि तिच्या माथ्यावरील भांडे घसरू नये म्हणून तिला उंच काठ ठेवलेला असे. पुष्कळ रेल्वेंवर एकेक कॅबूस एकेका कंडक्टरच्या नावे नेमून दिलेला असे. घरापासून दूरच्या टोकाला गाडी पोचली, की ती मंडळी त्यातच रांधीत, जेवीत आणि झोपत. पुढे कंपन्यांनी ही पद्धत मोडून जो डबा हाती येईल तो गाडीस जोडण्यास आरंभ केला. कॅबूसचा घरपणा ओसरण्याची ही पहिली पायरी होती.

भाषाभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकन रेल्वेच्या नियमावलीत 'गाडी' या संज्ञेच्या व्याख्येत शेवटी लावलेल्या खुणेचा, म्हणजे 'मार्कर'चा, समावेश होता. इंजिनामागे डबे असोत वा नसोत, ती खूण दिसेपर्यंत त्या समूहाला गाडी म्हणावयाचे नाही. वाक्याला पूर्णविराम, तशी गाडीला ही खूण. मालगाडीच्या बाबतीत तिचे नित्याचे स्थान कॅबूसच्या पाठीवर होते. शेवटच्या डब्याला मिळालेली प्रतिष्ठा केवळ भावनेची नव्हती. ती नियमाने दिलेली होती.

ही प्रतिष्ठा टप्प्याटप्प्याने गेली. रोलर बेअरिंगांमुळे चाके तापणे कमी झाले. रुळांलगत बसविलेली यंत्रे तापलेले बेअरिंग हेरू लागली. संगणकाने कंडक्टरची कागदपत्रे आपल्याकडे घेतली. शेवटी गाडीच्या अखेरच्या कपलिंगावर अडकविण्याजोगी एक पेटी आली. ती ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब मोजते, तो बिनतारी संदेशाने इंजिनाला कळविते आणि तांबडा दिवा लुकलुकत ठेवते. १९६९ मध्ये फ्लॉरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने या मार्गाने पहिले पाऊल टाकले. १९८२ मध्ये कामगारसंघटनेशी झालेल्या राष्ट्रीय कराराने कॅबूसवाचून गाड्या चालविण्यास वाट मोकळी झाली आणि कॅबूस सक्तीचा करणारे निरनिराळ्या राज्यांचे कायदेही त्या दशकात मागे पडले. या पेटीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून रेल्वेच्या माणसांनी तिला 'फ्रेड' म्हणावयास सुरुवात केली. फ्रेड हे इंग्रजीतील अगदी साधे पुरुषनाम आहे. माणसांच्या जागी आलेल्या यंत्राला त्याच माणसांनी माणसाचे नाव द्यावे, यात विनोद आहे आणि विषादही आहे.

३

आता शब्दाकडे वळावयास हरकत नाही. 'कॅबूस' हा शब्द रेल्वेत जन्मलेला नाही. तो समुद्रावरून आला. इंग्रजीत तो अठराव्या शतकाच्या मध्यास जहाजाच्या फळीवरील स्वयंपाकाच्या खोपटासाठी वापरलेला आढळतो. त्याचे नाते डच भाषेतील 'कोम्बाउस' या शब्दाशी आहे. त्याचा अर्थ आजही जहाजावरील स्वयंपाकघर असाच होतो. जर्मन भाषेत 'कोम्ब्यूझे' याचाही तोच अर्थ. फ्रेंच 'कांब्यूझ' म्हणजे जहाजावरील शिधासामग्रीची कोठी. बोलीत मात्र त्याच शब्दाने गचाळ, कोंदट खोलीचा बोध होतो. शब्दाची मूळ व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तथापि उत्तर जर्मनीतील जुन्या बोलींत लाकडी खोपट असा अर्थ असलेल्या रूपाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा शब्द अमेरिकेत रुळांवर चढला. त्याच सुमारास कॅनडातील ओटावा नदीच्या खोऱ्यात लाकूडतोड्यांच्या ओंडक्यांच्या वसतिगृहाला 'कॅम्बूज' म्हणत. त्याच्या मध्यभागी एक मोठी उघडी चूल असे आणि सगळे कामकरी तिच्याभोवती झोपत. कॅनडाच्या पश्चिमेकडील माळरानावर घसरपट्ट्यांवर उभारलेल्या, आत शेगडी असलेल्या फिरत्या खोलीलाही 'कॅबूस' हेच नाव मिळाले.

जहाज, अरण्य, माळरान आणि रेल्वे अशा चार क्षेत्रांतील हे अर्थ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्यांतील समान घटक आपोआप पुढे येतो. तो वाहन नव्हे, तांबडा रंग नव्हे, शेवटचे स्थानही नव्हे. तो आहे घरापासून दूर असलेल्या कामकऱ्याची चूल व तिच्यावरील छप्पर. मराठीत 'चूल मांडणे' म्हणजे संसार थाटणे. त्याच न्यायाने, कामाच्या जागी कामकऱ्यांनी मांडलेली चूल, हा 'कॅबूस' या शब्दाच्या अर्थाचा गाभा मानता येईल.

रेल्वेतील बोलीचा पुरावा याला दुजोरा देतो. 'कॅबूस' हे नाव सर्व कंपन्यांत चालत नव्हते. बर्लिंग्टन व सांता फे या रेल्वेंवर 'वेकार', न्यू इंग्लंडमध्ये 'बगी', कॅनडात 'व्हॅन', तर पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर 'केबिन कार' अशी नावे होती. कामकऱ्यांच्या तोंडी आणखी निराळे शब्द होते. 'डॉगहाऊस' म्हणजे कुत्र्याचे खोपटे. 'शॅक' म्हणजे झोपडी. 'क्रमी' हा तर इंग्रजी बोलीत घाणेरडा, उवांनी भरलेला या अर्थाचा शब्द. जे त्यात राहत होते त्यांनी त्याला दिलेली नावे ही अशी होती. 'क्रमी' आणि 'डॉगहाऊस' ही नावे त्या माणसांबरोबर मागे पडत चालली; 'कॅबूस' तेवढा सर्वमान्य होऊन वर आला. आज त्या शब्दाभोवती गोडवा जमला आहे. घरातील उशिरा जन्मलेल्या शेंडेफळालाही अमेरिकन बोलीत कौतुकाने 'कॅबूस' म्हणतात. अर्थोत्कर्षाचे हे उदाहरण शिकविण्याजोगे आहे. मात्र वस्तू व्यवहारातून जात असता शब्दाचा उत्कर्ष झाला, ही त्यातील अट विसरता कामा नये.

४

हा उत्कर्ष वाङ्मयात कसा घडला, हे दोन बालपुस्तकांच्या आधारे दाखविता येते. पहिले मॅरियन पॉटर यांचे 'द लिटल रेड कॅबूस' हे होय. टिबॉर गर्गेली यांच्या चित्रांसह ते १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. कथा साधी आहे. छोटा तांबडा कॅबूस सर्वांत शेवटी असल्यामुळे कष्टी आहे. मुले हात हलवितात ती इंजिनाकडे व पुढच्या डब्यांकडे पाहून. एकदा उंच डोंगर चढताना गाडी मागे घसरू लागते, तेव्हा हा कॅबूस आपले ब्रेक आवळून गाडीला थोपवून धरतो आणि पाठीमागून मदतीची इंजिने येईपर्यंत टिकाव धरतो. त्या दिवसापासून मुले आपला हात त्याच्यासाठी राखून ठेवतात.

शेवटच्याचे सार्थक झाल्याची ही कथा मुलांना प्रिय व्हावी, हे साहजिकच आहे. परंतु तिच्यातील क्रियापदांचा कर्ता पाहावा. ब्रेक आवळणारा कॅबूस आहे. प्रत्यक्षात हे काम ज्याचे, त्या ब्रेकमनचे श्रेय डब्याच्या नावावर जमा झाले आहे. चेतनीकरण हा बालकथेचा जुना अलंकार असून त्याबद्दल लेखिकेला दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि वस्तूला चैतन्य देताना ते कोठून तरी काढून घ्यावे लागते, आणि येथे ते कामकऱ्याकडून काढून घेतलेले आहे. १९८२ च्या कराराने माणूस गाडीच्या शेवटच्या टोकावरून उतरला. कथेच्या वाक्यरचनेतून तो त्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे उतरलेला होता. कॅबूस माणसावाचून गोड वाटू शकतो, हे या पुस्तकाने दोन-तीन पिढ्यांना नकळत शिकविले.

दुसरे पुस्तक गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांचे 'द बॉक्सकार चिल्ड्रेन'. ते प्रथम १९२४ मध्ये आले आणि १९४२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. चार अनाथ भावंडे अरण्यात टाकून दिलेल्या मालडब्यात राहू लागतात, ही त्याची मध्यकल्पना. तो कॅबूस नसून साधा मालडबा आहे. तरीही या कथेचे बीज कॅबूसमध्ये आहे. लेखिकेचे बालपण कनेक्टिकट राज्यातील पुटनम या गावी रेल्वेस्थानकासमोर गेले. थांबलेल्या गाडीच्या कॅबूसच्या उघड्या दारातून दिसणारी शेगडी, मेज, बशांवाचूनचे कप आणि उकळणारी कॉफीची किटली यांची आठवण त्यांनी नमूद करून ठेवलेली आहे. पाहणारी मुलगी बाहेर होती, पण तिने जे पाहिले ते चूल मांडलेले घर होते. म्हणूनच तिच्या पुस्तकात डब्याला आपणहून काहीच करता येत नाही. जे करावयाचे ते मुलांना. उकिरड्यावरची भांडी उचलून आणणे, फळी मारणे, अन्न मिळविणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, या कामांच्या वर्णनावर ती कथा उभी आहे.

तिचा शेवट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मुलांना त्यांचे श्रीमंत आजोबा मिळतात आणि ते तो डबा उचलून आणून आपल्या बागेत ठेवतात. गरजेचे घर अशा रीतीने आठवणीचे घर होते. नव्या मालकाच्या अंगणात आलेल्या जुन्या डब्याचे हे वाङ्मयातील बहुधा सर्वांत परिचित चित्र असेल. वाचकाला तो शेवट कृत्रिम वाटत नाही, याचे कारण डब्यात ज्यांनी कष्ट केले तीच मुले त्याच्याबरोबर बागेत येतात. वस्तू व तिच्यातील माणसे यांची ताटातूट झालेली नाही. इतर रूपांतरांकडे पाहताना हे प्रमाण हाताशी ठेवणे उपयोगाचे होईल.

या ठिकाणी एका वास्तवाचेही स्मरण ठेवले पाहिजे. जुन्या डब्यात राहणे ही हौशी प्रवाशांची कल्पना होण्यापूर्वी ती गरिबांची गरज होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळांवर काम करण्यासाठी आलेली मेक्सिकन कुटुंबे मध्यपश्चिमेत, उदाहरणार्थ इलिनॉय राज्यातील ऑरोरा येथे, कंपनीच्या बाद मालडब्यांत संसार करीत होती. त्या घरांना 'गमतीदार' हे विशेषण कोणी लावले नाही.

५

आता प्रत्यक्ष वास्तू. कॅबूसच्या निवासगृहांत सर्वांत प्रसिद्ध म्हणता येईल असे 'रेड कॅबूस मोटेल' पेनसिल्व्हेनिया राज्यात स्ट्रास्बर्गजवळ आहे. ते १९७० मध्ये उघडले. त्याची जन्मकथा अशी सांगितली जाते, की त्याचे संस्थापक डोनाल्ड डेन्लिंगर यांनी पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या १९ जुन्या डब्यांसाठी प्रत्येकी ७०० डॉलरांची बोली लावली. ती भंगाराच्या भावाहूनही कमी असल्यामुळे स्वीकारली जाईल असे त्यांना वाटले नव्हते. ती स्वीकारली गेली. आणि प्रत्येकी सुमारे २५ टनांच्या त्या एकोणीस डब्यांचे करावयाचे काय, या विवंचनेतून पथिकाश्रमाची कल्पना निघाली.

या कथेतील काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड व न्यूयॉर्क सेंट्रल यांच्या विलीनीकरणातून झालेली पेन सेंट्रल ही कंपनी जून १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली. मोटेल उघडले ते त्याच वर्षी. परंतु देशातील मालगाड्यांच्या मागे त्या वेळी कॅबूस सर्रास धावत होते. पहिल्या पाहुण्याने जी खोली घेतली ती चालू जगातील वस्तूची एक चमत्कारिक आवृत्ती होती; त्यात शोक नव्हता. वीस वर्षांनी त्याच खोलीत उतरलेला पाहुणा मात्र एका लुप्त जगात झोपला. खोली तीच, नाव तेच. संदर्भ तेवढा बदलला आणि अर्थ पालटला. अर्थ हा शब्दात साठविलेला नसून व्यवहारातून येतो, या विचाराला याहून स्थूल उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

पाटीवरील नाव मात्र परीक्षणास पात्र आहे. वर सांगितल्याप्रमाणे पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अधिकृत परिभाषेत 'कॅबूस' ही संज्ञाच नव्हती. ती कंपनी या डब्याला 'केबिन कार' म्हणे. केबिन म्हणजे खोपटे अथवा लहान खोली. म्हणजे राहावयाच्या खोलीसाठी सर्वांत समर्पक असा शब्द त्या डब्यांपाशी त्यांचा स्वतःचा होता! तो बाजूस सारून सर्व देशाला ठाऊक असलेला, बालकथेने गोड केलेला शब्द त्यांच्यावर घालण्यात आला. पुढे त्यांतील काही डब्यांवर इतर निरनिराळ्या रेल्वेंची नावे व रंगही चढले. स्थानिक बोलीतील शब्द प्रमाणभाषेतील शब्दापुढे मागे हटावा, तसे हे झाले आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. या मोटेलच्या खोल्यांत दूरदर्शनचा संच पोटफुगीर शेगडीच्या पोटात बसविण्याची युक्ती योजण्यात आली होती. योजकाचा हेतू सरळ होता: आधुनिक यंत्र उघड्यावर दिसून जुना देखावा बिघडू नये. पण 'कॅबूस' या शब्दाचा गाभा चूल हा आहे, हे मान्य केल्यास या युक्तीचा अर्थ गंभीर होतो. जिच्याभोवती माणसे रांधीत, ऊब घेत व बोलत, ती वस्तू आकाराने टिकली आणि तिच्या पोटात पाहण्याचे यंत्र आले. पूर्वी या डब्यातील माणूस बाहेर पाहण्यासाठी वेतन घेत असे. आता तो आत पाहण्यासाठी भाडे देतो.

यावरून त्या व्यवसायाला हिणविण्याचा हेतू नाही. भंगाराच्या भट्टीत जाऊ शकणारे डबे तेथे टिकले, हे निखळ सत्य आहे. त्याच परिसरात १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याचे रेल्वेसंग्रहालय उघडले. पण संग्रहालयात कोणाला रात्र काढता येत नाही, शेजारून गाडी गेली म्हणजे फळी कशी हादरते हे अनुभवता येत नाही. मोटेलमध्ये ते येते. प्रश्न इतकाच आहे, की टिकलेले काय आणि कोणत्या स्वरूपात.

६

या प्रश्नासाठी व्याकरणपरंपरेतील एक विभागणी उपयोगी पडते. संस्कृतातून मराठीत आलेल्या शब्दांचे तत्सम व तद्भव असे दोन वर्ग केले जातात. तत्सम शब्द आपले मूळ रूप राखतो. पण पुष्कळदा तो ग्रंथापुरता उरतो. तद्भव शब्द वापराने झिजतो, ध्वनी बदलतो, तथापि तो जिभेवर जिवंत असतो आणि अभ्यासकाला त्याच्या रूपातून मूळ शब्दापर्यंत पोचता येते. या दोहोंखेरीज एक तिसरा प्रकार असतो. शुद्ध बोलण्याच्या हव्यासाने लोक कधी कधी असे रूप तयार करतात, की जे मूळ भाषेत कधीच नव्हते. त्याला अतिशुद्धीकरण म्हणता येईल.

संग्रहालयातील कॅबूस तत्सम आहे. रंग, क्रमांक, शेगडी, मेज सर्व जेथल्या तेथे; मात्र त्यात कोणी राहत नाही. अतिशुद्धीकरणाचे उदाहरण गावोगावच्या बागांत सापडते. ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी आपले कॅबूस गावांना अल्प किमतीत, कधी विनामूल्यही दिले. त्यांतील काहींना गावाने तांबडाभडक रंग दिला. मग तो डबा मुळात तांबडा असो वा नसो. युनियन पॅसिफिकचे कॅबूस पिवळे होते, कॉनरेलचे निळे. जुन्या काळी तांबूस तपकिरी रंग बहुसंख्य कंपन्यांत रूढ होता, त्याचे कारण लोहाच्या गंजापासून होणारे ते रंगद्रव्य स्वस्त व टिकाऊ होते. काटकसरीचा तो रंग कथापुस्तकातून 'खऱ्या कॅबूसचा रंग' म्हणून परत आला आणि पिवळ्या-निळ्या डब्यांचा प्रत्यक्ष इतिहास पुसून गेला. हे रूप मूळ भाषेत नव्हते.

उत्तम तद्भवाचे उदाहरण माँटॅना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील एसेक्स येथे आढळते. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने आपल्या कामकऱ्यांच्या मुक्कामासाठी १९३९ मध्ये तेथे 'आयझॅक वॉल्टन इन' नावाची वास्तू बांधली. मरायस खिंडीचा चढ चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने एसेक्सला उभी असत. पुढे ती वास्तू प्रवाशांची झाली आणि रुळांपलीकडील टेकडीच्या उतारावर निवासासाठी कॅबूस आणून ठेवण्यात आले. या डब्यांतही बदल पुष्कळ झाले आहेत. नळ, न्हाणीघर व मऊ बिछाने मूळचे खचित नव्हेत. पण त्यांच्या खिडक्यांतून आजही खालचा मुख्य मार्ग दिसतो. डबा ज्या क्रियेतून घडला, ती गाडी पाहण्याची क्रिया तेथे वर्तमानकाळात शिल्लक आहे. शिवाय तेथून जी मालगाडी दिसते तिच्या मागे कॅबूस नसतो. शेवटच्या कपलिंगावर ती लुकलुकणारी पेटी असते. डब्यात बसलेल्या पाहुण्याला, आपण ज्यात बसलो आहोत ते कोणाच्या जागेवरून हटविले गेले आणि त्या जागी काय आले, हे कोणी न सांगता दिसू शकते. स्ट्रास्बर्गच्या मोटेलशेजारून धावणारी गाडी हौशी प्रवाशांना फिरवून आणणारी आहे. तेथे जुन्यासमोर जुने येते. एसेक्सला जुन्यासमोर आजचे येते. दोहोंतील हा फरक सजावटीचा नसून अर्थाचा आहे.

७

हा विचार मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. मालगाडीच्या शेवटचा 'गार्डाचा डबा' आणि गाडी पूर्ण आल्याची ग्वाही देणारी शेवटच्या डब्यावरील पाटी येथे परिचयाची आहे. भारतीय रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये 'गार्ड' हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' असे केले. शेवटच्या डब्याऐवजी उपकरण वापरण्याचे प्रयोगही येथे झाले आहेत. अमेरिकेत वस्तू गेली आणि शब्द राहिला. येथे वस्तू असतानाच माणसाचा शब्द बदलला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये जुन्या प्रवासी डब्यात उपाहारगृह सुरू झाले. नागपुरातही तसे झाले. मराठीतील 'डबा' हा शब्द गाडीचाही वाचक आहे आणि जेवणाचाही; त्यामुळे डब्यात जेवणे भाषेला मुळीच जड जात नाही. उद्या गार्डाचे डबे नव्या मालकांकडे जाऊ लागले, तर त्यांच्या पाटीवर कोणता शब्द येतो व कोणता गळतो, हे टिपून ठेवण्याचे काम येथील अभ्यासकांना करावे लागेल. कामकऱ्यांच्या बोलीतील नावे प्रथम नाहीशी होतात, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसून आले आहे. ती गोळा करावयाची तर ते डबे चालू असतानाच गोळा केली पाहिजेत.

सारांश, कॅबूसचे दुसरे आयुष्य हे विटंबना नव्हे आणि केवळ जतनही नव्हे. समुद्रावरील खोपटापासून निघालेला शब्द अरण्यातून, माळरानावरून व रुळांवरून फिरून पुन्हा खोपटाशी येऊन थांबला आहे, आणि शब्दाच्या दृष्टीने हा प्रवास सुसंगत आहे. परंतु त्या शब्दात ज्याची चूल होती, तो परत आलेला नाही. खोल्या उपलब्ध झाल्या त्या नोकऱ्या गेल्या म्हणून, हे सत्य कोणत्याही तांबड्या रंगाखाली दडू नये. नव्या मालकाने मूळ डबा तसाच ठेवावा, अशी मागणी अवास्तव ठरेल. मूळ कार्य त्यातून वाचता यावे, एवढी मागणी मात्र रास्त आहे. कंपनीने दिलेले नाव पाटीवर राखणे, रंगाच्या बाबतीत कथापुस्तकापेक्षा जुन्या थरावर विश्वास ठेवणे, शेगडी शेगडीच राहू देणे आणि कपोलाची खिडकी एखाद्या चालत्या रुळाकडे उघडी ठेवणे, या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. त्या जेथे केल्या गेल्या आहेत, तेथे पाहुण्याला एका रात्रीपुरता तरी ब्रेकमनचा शेजार लाभतो.